पडद्यावरचा मधुमेह: दृष्टिपटलाच्या छायाचित्रणाचा इतिहास

मधुमेह हा शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांना पोखरणारा विकार असला, तरी त्याची ही करणी कोठेही छेद न देता प्रत्यक्ष पाहता येईल अशा जागा शरीरात फार थोड्या आहेत. त्यांतील सर्वांत स्पष्ट जागा म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागील भिंतीवरचे दृष्टिपटल, ज्याला नेत्ररुग्णालयांत डॉक्टर आणि रुग्ण दोघेही सरळ ‘पडदा’ म्हणतात. या पडद्यावर मधुमेहामुळे होणारे बदल बहुधा कित्येक वर्षे चालू असतात आणि त्या काळात रुग्णाला दुखत नाही, खुपत नाही, दिसण्यातही फरक पडत नाही. फरक जाणवू लागतो तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणूनच या रोगाच्या इतिहासात औषधांइतकेच महत्त्व पाहण्याच्या साधनांना आले. तो इतिहास वरवर पाहता भिंगांचा, दिव्यांचा आणि कॅमेऱ्यांचा दिसतो. परंतु पडदा पाहण्याचे काम एकट्या तज्ज्ञाच्या डोळ्यातून सुटून अनेकांमध्ये कसे वाटले गेले, हा त्याचा खरा गाभा आहे.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाही वैद्याला नीट पाहता येत नव्हता. बाहुली काळी दिसते ती आत प्रकाश जात नाही म्हणून नव्हे. आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परततो, आणि त्या वाटेवर पाहणाऱ्याने डोळा लावला की त्याचे स्वतःचेच डोके दिव्याला आडवे येते. क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी हा पेच तिरप्या धरलेल्या काचेच्या पातळ पट्ट्यांनी सोडवला. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा काही प्रकाश या पट्ट्यांवरून परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग त्याच काचांमधून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात पडे. डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनच्या भौतिकी परिषदेपुढे त्यांनी या उपकरणाची माहिती मांडली आणि १८५१ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. ऑफ्थॅल्मोस्कोप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साध्या साधनामुळे नेत्रवैद्यकाला अक्षरशः नवा प्रदेश खुला झाला.

त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८५५-५६ च्या सुमारास, व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी एका मधुमेही रुग्णाच्या पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे वाचन आणि बारीक काम ज्याच्या बळावर होते त्या मॅक्युला नावाच्या भागात, पिवळसर ठिपके आणि रक्तस्राव पाहिल्याची नोंद केली. येगर स्वतः कसबी चित्रकार होते आणि आपण पाहिलेले पडदे ते स्वतःच रंगवीत. परंतु हे बदल मधुमेहानेच झाले हे मान्य करण्यास त्या काळातील नेत्रवैद्यकाचे अग्रणी आल्ब्रेख्त फोन ग्रेफे तयार नव्हते, आणि त्यांचा आक्षेप अवाजवी म्हणता येत नाही. एका वेळी एकच डॉक्टर पाहणार, त्याला जे दिसले ते तो आठवणीने किंवा हाताने चितारणार आणि दुसऱ्या डॉक्टरला ते पुन्हा तपासता येणार नाही, अशा स्थितीत वाद मिटणे अवघडच होते. १८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी सूक्ष्मदर्शकाखालील पुरावा दिला आणि १८९० मध्ये बर्लिनच्या युलियुस हिर्शबर्ग यांनी या विकाराचे प्रकार पाडले; तरीही हा मधुमेहाचा स्वतंत्र परिणाम की रक्तदाब आणि धमनीकाठिण्याचा आनुषंगिक परिणाम, हा प्रश्न विसाव्या शतकातही बराच काळ रेंगाळला. १९४३ मध्ये ग्लासगोच्या आर्थर बॅलन्टाइन यांनी केशवाहिन्यांच्या भिंतींवर येणारे सूक्ष्म फुगवटे दाखवून दिल्यावर तो निकालात निघण्याच्या मार्गाला लागला.

चित्राऐवजी छायाचित्र काढण्याची कल्पना स्वाभाविक असली तरी तिची वाट खडतर होती. पडद्यावर टाकलेल्या प्रकाशाचा फारच थोडा अंश बाहेर परततो, आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवरून, म्हणजे कॉर्नियावरून, उसळणारी चकाकी त्या क्षीण प्रकाशाला सहज झाकून टाकते. शिवाय डोळा स्थिर राहत नाही आणि पापणी लवल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडमधील रेडिंग येथे जॅकमन आणि वेब्स्टर यांनी १८८६ मध्ये जिवंत माणसाच्या पडद्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यासाठी अडीच मिनिटे प्रकाश पाडावा लागला होता आणि हाती आलेल्या प्रतिमेत दृष्टिचेतेचा पांढरा वाटोळा उगम कसाबसा ओळखता येत होता. चकाकीचा प्रश्न सुटला तो स्वीडनचे अल्वार गुलस्ट्रँड यांच्या प्रकाशशास्त्रीय कामामुळे, ज्यांना डोळ्यातील प्रकाशाच्या वक्रीभवनावरील संशोधनासाठी १९११ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आत जाणारा प्रकाश बाहुलीच्या एका भागातून जावा, परतणारा प्रकाश दुसऱ्याच भागातून यावा आणि कॉर्निया व भिंग ओलांडताना या दोन वाटा एकमेकींना शिवू नयेत, हे त्यांचे तत्त्व होते. त्याच तत्त्वावर योहान नॉर्डेन्सन यांनी रचलेला कॅमेरा १९२० च्या दशकाच्या मध्यावर येना येथील कार्ल झाइस या कारखान्याने बाजारात आणला, आणि कार्बनच्या प्रखर दिव्यावर चालणाऱ्या या यंत्राने प्रकाश पाडण्याचा काळ सुमारे अर्ध्या सेकंदावर आणला. आजच्या फंडस कॅमेऱ्यातही, म्हणजे डोळ्याच्या तळाचे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यातही, प्रकाश कड्याच्या आकारात बाहुलीच्या कडेने आत जातो आणि प्रतिमा तिच्या मधून बाहेर येते.

कॅमेरा सुधारत असतानाच रोगाचे स्वरूपही बदलत होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा माणसावर पहिला प्रयोग झाला, तोपर्यंत लहान वयात मधुमेह जडलेली मुले पडद्याचे विकार होण्याइतकी जगतच नसत. इन्सुलिनने त्यांना आयुष्य दिले, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याच तरुणांच्या पडद्यांवर सूक्ष्म फुगवटे, रक्ताचे ठिपके, गळतीतून साकळलेले पिवळे कण आणि अखेरच्या टप्प्यात नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागली. या नव्या वाहिन्या फुटल्या की डोळ्यातील पारदर्शक द्रव रक्ताने भरून जातो, आणि त्यांच्याभोवती वाढणारे तंतू आकसले की पडदा ओढला जाऊन सुटतो. अशा रीतीने एकेकाळी दुर्मीळ असलेला हा विकार दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत कामकरी वयातील अंधत्वाचे एक प्रमुख कारण होऊन बसला.

यावर काय करावे याविषयी मात्र चाचपडणेच होते. १९५३ मध्ये डेन्मार्कमधील एका वृत्तान्तात असे नोंदले गेले की, बाळंतपणानंतर पोष ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या पडद्यावरील विकार ओसरला. त्या आधारावर पुढील दीड दशकात अनेक रुग्णांची मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी काढून किंवा किरणोत्सर्गाने नष्ट करून टाकण्यात आली. दुसरीकडे जर्मनीत गेर्हार्ट मायर-श्विकेराट यांनी प्रखर प्रकाश एकवटून पडद्यावर बारीक डाग देण्याची, म्हणजे प्रकाशाने तो ठिकठिकाणी भाजण्याची पद्धत बसवली होती. प्रथम सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा आणि पुढे आर्गॉन लेसर, असा तिचा प्रवास झाला. एक उपाय जिवावर बेतणारा आणि दुसरा पडद्याचाच काही भाग बळी देणारा. त्यामुळे त्यांपैकी कशाने खरोखर गुण येतो हे ठरवणे निकडीचे झाले. उपचारापूर्वीचा पडदा आणि उपचारानंतरचा पडदा शेजारी ठेवून पाहिल्यावाचून ते ठरणार नव्हते, आणि मतभेद टाळायचे तर ‘थोडे’, ‘बरेच’, ‘फार’ या शब्दांचा अर्थही सर्वांनी एकच धरणे आवश्यक होते.

या गरजेतून प्रमाण छायाचित्रांची पद्धत जन्माला आली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील गटाने, ज्यात पुढे या क्षेत्रातील मोठे नाव झालेल्या एव्हा कोनर होत्या, १९६७ मध्ये अशी पद्धत मांडली की रुग्णाच्या छायाचित्रातील प्रत्येक दोष एका ठरलेल्या नमुना-छायाचित्राशी ताडून पाहावा आणि तो त्याहून कमी की अधिक एवढेच नोंदवावे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एअर्ली हाउस येथे भरलेल्या परिषदेने याच धर्तीवरचे वर्गीकरण सिद्ध केले, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती जगभरच्या संशोधनाची सामाईक भाषा बनली. त्यात प्रत्येक डोळ्याची तीस अंशांच्या आवाक्याची सात ठरावीक क्षेत्रे असत आणि प्रत्येक क्षेत्राची किंचित बाजूला सरकून घेतलेली दोन छायाचित्रे असत, जेणेकरून ती जोडीने दुर्बिणीसारख्या दर्शकातून पाहिली की पडद्याची सूज उंचवट्यासारखी उठून दिसे. एका डोळ्यास चौदा याप्रमाणे दोन्ही डोळ्यांची अठ्ठावीस छायाचित्रे म्हणजे रुग्णाच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या पुरेशा मोठ्या करणे, त्याला हनुवटी टेकवून बसवणे आणि फ्लॅशमागून फ्लॅश सोसायला लावणे होय. ही मेहनत संशोधनाला परवडे, रोजच्या बाह्यरुग्ण विभागाला परवडत नसे.

ही छायाचित्रे जेथे काढली तेथे वाचली जात नसत, हा या व्यवस्थेतील सर्वांत दूरगामी बदल होता. अमेरिकेतील विविध केंद्रांवरून ती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वाचन केंद्राकडे जात, आणि तेथे रुग्णाला कधीही न भेटलेले प्रशिक्षित वाचक ती प्रमाण छायाचित्रांशी ताडून श्रेणी देत. नेत्रतज्ज्ञ असणे ही त्या कामाची अट नव्हती. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी या चाचणीत सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्यावर प्रकाशाचे डाग देण्यात आले आणि दुसरा तसाच ठेवण्यात आला. या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असा निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तर ३,७११ रुग्णांच्या पुढील चाचणीने डाग केव्हा द्यावेत आणि मॅक्युलाच्या सुजेवर ते कसे वापरावेत हे निश्चित केले. पोष ग्रंथीवरच्या शस्त्रक्रिया तेवढ्यात मागे पडल्या.

उपचार सिद्ध झाल्याबरोबर प्रश्नाचा रोख पालटला. एखाद्या पडद्यावर नेमके काय झाले आहे हे सांगणारे तज्ज्ञ होते. परंतु तक्रार नसलेल्या लाखो मधुमेहींमधून उपचार लागणारे थोडे लोक वेळीच शोधायचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी कंपन्यांनी बाजारात आणलेला, थेंबांवाचून चालणारा कॅमेरा येथे उपयोगी पडला. त्याची करामत बाहुलीच्या स्वभावावर आधारलेली आहे. खोलीत अंधार केला की बाहुली आपोआप मोठी होते, आणि तंत्रज्ञ ज्या अवरक्त किरणांनी पडदा पाहून फोकस साधतो ते डोळ्याला दिसत नसल्याने ती मोठीच राहते. मग फ्लॅश चमकतो आणि बाहुली आकसण्याआधीच पंचेचाळीस अंशांचे छायाचित्र निघालेले असते. एका डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाने दोन्ही बाहुल्या आकसतात, त्यामुळे दुसऱ्या डोळ्यासाठी काही मिनिटे अंधारात थांबावे लागते. वयस्कर मधुमेहींच्या बाहुल्या अंधारातही पुरेशा उघडत नाहीत आणि मोतीबिंदू असला तर प्रतिमा धूसर येते, या मर्यादा आजही कायम आहेत. तरी रुग्णाला दिवसभर अंधुक दिसण्याचा त्रास न देता, परिचारिका किंवा तंत्रज्ञाच्या हातून, प्रसंगी फिरत्या गाडीतही पडदा टिपता येऊ लागला, ही त्याची मोठी कमाई होती.

साधन हाती आल्यावर व्यवस्था उभी राहण्यास आणखी काळ लागला. आइसलंडने १९८० मध्ये मधुमेहींची नियमित नेत्रतपासणी सुरू करून वाट दाखवली. १९८९ मध्ये इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपीय देशांनी मधुमेहजन्य अंधत्व निदान एक तृतीयांशाने घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. इंग्लंडचा राष्ट्रीय कार्यक्रम २००३ मध्ये सुरू होऊन २००८ पर्यंत देशभर पोचला, आणि बारा वर्षांवरील प्रत्येक नोंदणीकृत मधुमेहीला दरवर्षी बोलावून प्रत्येक डोळ्याची दोन छायाचित्रे घेण्याची रीत पडली. अलीकडे, लागोपाठ निर्दोष छायाचित्रे आलेल्यांसाठी हे अंतर दोन वर्षांचे करण्यात आले आहे. इंग्लंडने थेंब घालूनच छायाचित्र घेण्याचे ठरवले, तर स्कॉटलंडने आधी थेंबांवाचून एकच छायाचित्र घ्यावे आणि ते न जमल्यास थेंब घालावेत असा मार्ग पत्करला. या व्यवस्थेचे फळ २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले: इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातील नोंदणीकृत अंधत्वाचे पहिले कारण म्हणून मधुमेहाचे स्थान किमान पाच दशकांत प्रथमच दुसऱ्या विकारांनी घेतले होते. हे यश एकट्या कॅमेऱ्याचे मानता येणार नाही; रुग्णांची नामावली, वेळेवर जाणारे पत्र, छायाचित्र दुसऱ्याने पुन्हा तपासण्याची शिस्त, खात्रीने मिळणारे लेसर उपचार आणि रक्तशर्करेचे सुधारलेले नियंत्रण यांचा त्यात तितकाच वाटा होता.

या काळात रुग्णालयांतील तपासणीही पालटत होती. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नोव्होटनी आणि अल्व्हिस या दोन तरुणांनी फ्लुओरेसीन नावाचा चमकणारा रंग शिरेतून टोचून तो पडद्यावर पोचतानाची छायाचित्रे घेतली होती. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने कोणती वाहिनी गळते आणि कोणती बुजली आहे हे प्रथमच दिसले, पण तिला सुई लागते, काहींना मळमळते आणि क्वचित कोणाला तीव्र वावडे येते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतील जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ओसीटी या पद्धतीला केवळ प्रकाश पुरतो. निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींना संदर्भ-लहरींशी जुळवून प्रत्येक थराची खोली काढायची आणि पडद्याचा उभा छेद कोठेही न कापता चितारायचा, असे तिचे तंत्र आहे. त्यामुळे मॅक्युलाची सूज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली, आणि २०१० च्या दशकात डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा उपचार रूढ झाल्यावर पुढचे इंजेक्शन द्यावे की थांबावे हे बहुतांशी याच मापावर ठरू लागले. एकाच जागेचे लागोपाठ अनेक छेद घेऊन त्यांतील फरकावरून वाहते रक्त ओळखणारी तिची पुढची आवृत्ती बारीक वाहिन्यांचे जाळे रंग न टोचता दाखवते. गळती मात्र तिला दिसत नाही, म्हणून जुनी पद्धत अजून निकालात निघालेली नाही.

छायाचित्रे लाखांनी जमू लागली, तेव्हा अडचण कॅमेऱ्याकडून वाचकाकडे सरकली. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली तज्ज्ञांच्या तोडीने श्रेणी देते असे दाखवले. त्या संग्रहात अमेरिकेतील छायाचित्रांबरोबर भारतातील नेत्ररुग्णालयांचीही छायाचित्रे होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयडीएक्स-डीआर या प्रणालीला डॉक्टरच्या वाचनावाचून निर्णय देण्याची परवानगी दिली. ही प्रणाली रोगाचे वर्णन करीत नाही. ‘नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा’ किंवा ‘बारा महिन्यांनी पुन्हा तपासा’ एवढेच ती सांगते, आणि येगर यांच्या रंगचित्रांपासून हा प्रवास किती दूर आला हे त्यावरून कळते. गूगलच्या प्रणालीचा थायलंडमधील दवाखान्यांतील अनुभव मात्र सावध करणारा ठरला. तेथे काही ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट मंद होते, आणि पहिल्या टप्प्यातील सुमारे एकवीस टक्के छायाचित्रे प्रणालीने वाचण्याजोगी नाहीत म्हणून नाकारली.

या कामात महाराष्ट्राचा वाटा दोन ठिकाणी ठळक दिसतो. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांनी त्याच शहरातील एका नेत्रचिकित्सालयातील ५१६ छायाचित्रांचा संग्रह २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासकांसाठी खुला केला, ज्यातील ८१ छायाचित्रांवर प्रत्येक फुगवटा, रक्तस्राव आणि पिवळा कण बिंदूबिंदूने रेखलेला आहे. भारतीय पडद्यांवरचे असे तपशीलवार रेखन त्यापूर्वी सार्वजनिकरीत्या उपलब्ध नव्हते. मुंबईत महानगरपालिकेच्या दवाखान्यांत बंगळूरुमध्ये तयार झालेला, मोबाइल फोनवर बसवलेला कॅमेरा आणि इंटरनेटवाचून फोनवरच चालणारी प्रणाली वापरून २१३ मधुमेहींची तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही, आणि पाठवण्याची गरज नसलेल्यांपैकी ८८.४ टक्क्यांना तिने बरोबर ओळखले. नमुना लहान असल्याने या आकड्यांवर मोठा इमला उभारता येणार नाही, पण गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात हे काम होऊ शकते एवढे त्यातून सिद्ध झाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी धरली आहे, आणि एवढ्या लोकांचे पडदे दरवर्षी तज्ज्ञांनी स्वतः पाहणे शक्य नाही, हे उघड आहे. पावणेदोनशे वर्षांच्या या इतिहासात अडथळा दर वेळी एक पायरी पुढे सरकलेला दिसतो: प्रथम पडदा दिसत नव्हता, मग दिसलेले टिकत नव्हते, मग टिकलेले ताडून पाहण्यास माप नव्हते, मग छायाचित्रकार अपुरे होते आणि त्यानंतर वाचक. यांतील प्रत्येक अडथळा काम वाटून घेतल्यानेच दूर झाला, आणि प्रत्येक वाटणीबरोबर छायाचित्र रुग्णापासून एक पाऊल दूर गेले. भारतातील पुढचा अडथळा बहुधा या अंतरातच आहे. कारण ‘पुढे पाठवा’ असा निर्णय काही सेकंदांत मिळू लागला, तरी तालुक्याच्या दवाखान्यातून निघालेला मजूर रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी लेसरच्या खुर्चीपर्यंत पोचेल, याची व्यवस्था कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. इंग्लंड आणि आइसलंडने ती नामावलीने, पत्राने आणि पाठपुराव्याने केली. भारतातील कार्यक्रमांचे यशही घेतलेल्या छायाचित्रांच्या संख्येपेक्षा उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून मोजावे लागेल.